रात्री दीड वाजताचा बुलढाणा

दिवाळी जवळ आली की मोबाइलवर एक चित्र हमखास येतं. काळ्या जमिनीवर भारताचा नकाशा, त्यात पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली ओळ: दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश. मी ते वर्षानुवर्षं भक्तिभावानं पुढे पाठवत आलो. एकदा भाच्यानं घरच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारलं, "मामा, हे हिरवे दिवे कोन लावते?" भाचा इंजिनीअरिंगला आहे आणि मामाला ताळ्यावर आणणं हा त्याचा जोडधंदा. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावात मराठी शिकवतो. दहावीनंतर माझं आणि गणिताचं बोलणं बंद आहे. तरी अब्रूचा प्रश्न म्हणून शोधायला बसलो. चित्र दिवाळीचं नव्हतंच. क्रिस एल्विज या अमेरिकन शास्त्रज्ञानं ते २००३ च्या सुमारास केलं होतं आणि त्यातले रंग म्हणजे सालं होती: पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. म्हणजे शहरं कशी पसरली त्याचा तो हिशोब होता. ग्रुपवर मी एक हसरा चेहरा टाकला आणि विषय बदलला.

पण त्या शोधाशोधीत एक गोष्ट हाती लागली आणि मी अडकलो. आफ्रिकेत नायजर नावाचा देश आहे. तिथल्या नियामे, मारादी आणि झिंदेर या शहरांत गोवर कोरड्या ऋतूत उसळायचा आणि पाऊस लागला की ओसरायचा. निता भारती आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संशय होता की यामागे हवा नाही, माणसं आहेत. शेतीची कामं संपली की लोक शहरात येतात, पेरण्या आल्या की गावी परततात. पण या ये-जा करणाऱ्यांची मोजदाद कुणाकडेच नव्हती. मग त्यांनी उपग्रहानं टिपलेले रात्रीचे दिवे काढले. ज्या महिन्यांत शहर उजळ, त्याच महिन्यांत गर्दी दाट आणि गोवरही तेव्हाच. हा शोधनिबंध डिसेंबर २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. आमच्याकडच्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. सोयाबीन विकलं, कापसाचा वेचा उरकला की लोणार-सिंदखेडराजाकडची घरंच्या घरं कुलूप लावून बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्याला बांधकामावर, कुणी सुरतेला. मला वाटलं, नायजरमध्ये दिसतं तर बुलढाण्यात का नाही? आणि २०२० साली कोविडच्या टाळेबंदीत हीच माणसं एकदम घरी परतली, तेव्हा वरून काय दिसलं असेल? प्रश्न सोपा वाटला. एका रविवारी होऊन जाईल, असं बायकोला सांगितलं. तिनं तेव्हाच हसून घेतलं.

नासाची रात्रीच्या दिव्यांची माहिती फुकट असते. नाव नोंदवलं की हवी तेवढी उतरवून घ्या. तिचं नाव ब्लॅक मार्बल. मी वहीत 'काळी गोटी' असं लिहून ठेवलं. सुमारे ८२४ किलोमीटर उंचीवरून सुओमी एनपीपी नावाचा उपग्रह फिरतो, २०११ साली सोडलेला. त्याच्यावर मिणमिणता उजेडही टिपणारा एक संवेदक आहे. तो जे मोजतो त्याचं एकक दर चौरस सेंटिमीटरला, दर घनकोनाला, इतके नॅनोवॅट. 'घनकोन' शब्दाशी मी बराच वेळ झटलो. शेवटी भाच्यानं सांगितलं, "मामा, आकडा मोठा तं उजेड जास्त, एवढं समजून घ्या अन् पुढं चला." मी पुढे चाललो.

फायलींच्या नावात तारीख निराळ्या पद्धतीनं लिहितात. २०२००८५ म्हणजे २०२० सालचा ८५ वा दिवस. जानेवारीचे ३१, लीप वर्ष म्हणून फेब्रुवारीचे २९ आणि वर २५, म्हणजे २५ मार्च, टाळेबंदीचा पहिला दिवस. हे बोटांवर जमवून मी स्वतःवर खूश झालो. तारखेपुढे होतं 'एच २५ व्ही ०६'. सगळ्या पृथ्वीचे दहा-दहा अंशांचे चौकोन पाडलेत आणि त्यातला हा आपला: पूर्व रेखांश ७० ते ८०, उत्तर अक्षांश २० ते ३०. दिल्ली यात, जयपूर यात, अहमदाबाद, सुरत, नागपूर यातच. उभे २४०० आणि आडवे २४०० ठिपके, म्हणजे ५७ लाख ६० हजार. एका ठिपक्यात साधारण पन्नास एकर जमीन. खामगाव सापडलं तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. शेजारी शेगाव, पूर्वेला अकोल्याचा मोठा पुंजका, पश्चिमेला नांदुरा, मलकापूर.

लोणार मात्र काही केल्या सापडेना. मला ते हवंच होतं, कारण त्याच टाळेबंदीत, जून २०२० मध्ये, सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं आणि दिवसाच्या उपग्रहांनी ते टिपलंही होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पुढे सांगितलं की मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. रात्री ते विवर काळंच दिसणार, म्हणून मेहकरच्या खाली एक काळा भाग पाहून मी त्याला लोणार ठरवून टाकलं आणि भोवती गोल काढला. भाच्यानं आकडे पाहिले. लोणार १९ अंश ५८ मिनिटांवर आहे. चौकोन २० वर संपतो. जिल्ह्याच्या अंगावरून ही रेघ जाते आणि लोणार, जिजाऊंचं सिंदखेडराजा खालच्या चौकोनात पडतात. मी काढलेला गोल कुणाच्या तरी शेतावर होता. पुणं-मुंबईही खालच्याच चौकोनात. म्हणजे आमच्या खामगावकडच्या पोरांची घरं एका फायलीत आणि पोटापाण्याची जागा दुसरीत. दुसरी फाईल उतरवायला घेतली तेव्हा इंटरनेटचा त्या दिवसाचा कोटा संपला.

आता आकडे. खामगावच्या ठिपक्यांची सरासरी काढली तर दिल्लीला लाजवील असा आकडा आला. एखाद्या ठिपक्यात चक्क ६५५३५ होते. मी म्हटलं, चांदीचा बाजार, एमआयडीसी, जिनिंग, असेल बुवा. भाच्याला फोन लावला. या जुन्या आवृत्तीच्या फायलींत ६५५३५ चा अर्थ 'माहिती नाही' असा आहे, हे त्यानं अशा आवाजात सांगितलं की मी फोन कानापासून लांब धरला. जिथे काहीच दिसलं नाही तिथेच मला सगळ्यात जास्त उजेड दिसला होता.

ते ठिपके गाळून रोजच्या सरासरीची रेघ काढली आणि या वेळी खरोखर काहीतरी दिसलं. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात फारसा फरक नाही आणि मग रामनवमीपासून उजेड रात्रीगणिक चढत जातो. मला लगेच अर्थ लागला: माणसं घरात कोंडली, झोपा उडाल्या, रात्र-रात्र दिवे जळू लागले. दोन परिच्छेद लिहूनही टाकले, त्यात 'अस्वस्थ रात्री' असा शब्दप्रयोग होता आणि तो मला फार आवडला होता. उजेड शिगेला कधी पोचतो ते पाहिलं तर ८ एप्रिल. स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतं. २०२० चं बायकोनं दुधाचा हिशोब लिहिलेला म्हणून जपून ठेवलं होतं. ८ एप्रिलला हनुमान जयंती. चैत्र पौर्णिमा. २४ मार्चला अमावास्या, २५ ला गुढीपाडवा. टाळेबंदी सुरूच झाली ती शुक्ल पक्षाच्या तोंडावर. पहिला आठवडा चंद्र लवकर मावळत होता. पुढे तो रात्री उशिरापर्यंत राहू लागला आणि आमचे खळे, पत्रे, डांबरी रस्ते चांदण्यात उजळले. मी टाळेबंदी मोजत नव्हतो, तिथी मोजत होतो. चंद्र वजा करून दिलेली वेगळी फाईलही असते आणि शहाणी माणसं तीच वापरतात.

तारखेचीही गंमत आहेच. उपग्रह आपल्यावरून जातो साधारण रात्री दीड वाजता, पण फायलीवरची तारीख ग्रीनिचच्या घड्याळाची. आपल्याकडे दीड वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ. म्हणजे बोटांवर मोजून काढलेली माझी ८५ क्रमांकाची फाईल टाळेबंदीच्या पहिल्या नव्हे, दुसऱ्या रात्रीची होती.

हा दीडचा आकडा डोक्यात बसल्यावर आणखी एक फुगा फुटला. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशानं दिवे मालवले होते. आमच्या गल्लीत पणत्या होत्या, कुणी थाळ्याही पुन्हा काढल्या. त्या काही मिनिटांत देशाची विजेची मागणी ३१ हजार मेगावॅटहून जास्त घसरली, वीज यंत्रणेची माणसं जिवाचा कान करून बसली होती. एवढी मोठी गोष्ट आकाशातून दिसायलाच हवी म्हणून मी त्या रात्रीची फाईल मोठ्या अपेक्षेनं उघडली. उपग्रह आला साडेचार तासांनी. तोवर सगळे झोपले होते.

मग पावसाळा. जूनपासून ढग. चंद्र वजा केलेल्या फायलीत मला जुलैभर खामगाव एकसारखं, शांत, न हलणारं दिसलं. टाळेबंदी शिथिल झाली, गाडी रुळावर आली, असं मी समजलो. प्रत्यक्षात ढगांमुळे काही दिसलं नाही की ही फाईल शेवटच्या स्वच्छ रात्रीचा आकडा पुढे ओढत राहते. गैरहजर पोराची कालचीच हजेरी आज लावावी, तसं. आकडा किती दिवसांचा शिळा आहे ते शेजारच्याच रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. मी तो रकाना निरुपयोगी समजून लपवला होता.

यानंतर मी संगणक बंद केला आणि शेजारच्या लाइनमनदादांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "सर, रातच्या दीड वाजता कोन जागं राह्यते? रोडलाइट, मंदिर, पेट्रोल पंप, चालू असली तं जिनिंग. अन् वावरात मोटर सुरू कराले गेलेला मानूस. त्याच्या हातात बॅटरी. ते थोडी दिसनार हाय वरून?" आमच्याकडे शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री असते, रात्रपाळीच्या आठवड्यात अर्धं गाव वावरात असतं आणि त्याचा उजेड मोजायला कुणाला जमणार नाही. उलट टाळेबंदीत रस्त्यावर कुत्रं नसताना रोडलाइट मात्र सांजेपासून पहाटेपर्यंत चालूच होते. दादांनी आणखी एक पाचर मारली. जुने पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, त्याचं काय? घरी येऊन पाहिलं. या संवेदकाला ५०० ते ९०० नॅनोमीटर एवढाच प्रकाश कळतो, निळा भाग त्याच्या नजरेबाहेर. पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर. म्हणजे एखाद्या नगरपालिकेनं सगळे दिवे बदलले, तर लोकांना रस्ता जास्त उजळ दिसेल आणि उपग्रहाला गाव मंदावलेलं. कुणी अजाण माणूस, नावं कशाला घ्या, त्याला साथीचा परिणामही म्हणेल.

उलटंही आहे. मेहकर-सिंदखेडराजाच्या पट्ट्यात तेव्हा समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं. कामगारांचे तळ, खडीचे प्लांट, नवे दिवे. त्या ठिपक्यांवरून 'ग्रामीण जीवन पूर्वपदावर' असं लिहायचा मोह मला झालाच होता. शेगावचीही रेघ काढली. मार्च २०२० मध्ये मंदिर बंद झालं, राज्यातली मंदिरं १६ नोव्हेंबरला दिवाळीच्या पाडव्याला उघडली, पुढच्या लाटेत पुन्हा बंद आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत खुली. इतक्या स्पष्ट तारखा मिळाल्यावर रेघेनं नीट खाली-वर व्हायला हवं की नको? ती कुठे मंदिरामुळे झाली आणि कुठे ढगांमुळे, यावर भाच्याचं आणि माझं अजून एकमत नाही.

मोठ्या माणसांनी हे काम नीट केलेलं आहे. तिलोत्तमा घोष आणि त्याच एल्विज यांच्या गटानं भारतातले दिवे कोविडमध्ये कसे मंदावले यावर २०२० मध्येच निबंध लिहिला. रॉबर्ट बेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्यांबरोबर रोजचा वीजवापरही तपासला: २५ मार्चनंतर वापर कोसळला आणि एप्रिलभर नेहमीपेक्षा पाव हिश्श्यानं कमी राहिला. पण सगळीकडे सारखा नाही. काही राज्यांत तो निम्म्यावर आला, काहींत जेमतेम हलला. यामागे एक कारण कारखानदारी आणि दुसरं परत आलेले मजूर. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. जिथून माणसं गेली तिथे घट दिसली; जिथे ती परतली तिथे ती घट झाकली गेली. आमचा जिल्हा दुसऱ्या बाजूचा. एप्रिल-मे मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळाशाळांत पुण्या-मुंबईची पोरं चौदा-चौदा दिवस विलगीकरणात पडून होती, वर्गातले दिवे रात्रभर चालू ठेवून, सापा-विंचवाच्या भीतीनं. कूलरही चालत. कूलरची वीज मीटरवर चढते, उजेड म्हणून वर दिसत नाही. आणि एका शाळेच्या चार ट्यूबलाइट पन्नास एकरांच्या ठिपक्यात विरघळून जातात.

त्या मे महिन्यातली एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली आहे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, बाळापूर असा जो मुंबई-कोलकाता हायवे जातो, त्यावरून माणसं चालत होती. छत्तीसगडची, ओडिशाची. दिवसा ऊन पंचेचाळीसच्या घरात, म्हणून झाडाखाली पडायचं आणि रात्री चालायचं. आम्ही काही मास्तर मंडळी बायपासवर पाणी आणि खिचडी घेऊन थांबायचो. एका बाईनं पायात चपलेऐवजी प्लास्टिकच्या बाटल्या चेपून दोरीनं बांधल्या होत्या. तिनं खिचडी घेतली नाही, दोरी मागितली. आमच्याकडे नव्हती. एकानं मोटारसायकलला सामान बांधायची सुतळी सोडून दिली. रात्री दीडच्या सुमाराला ती माणसं रस्त्यावरच असणार, बरोबर उपग्रहाच्या खाली, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या हातात साधी बॅटरीही नव्हती. साथीनं सगळ्यात जास्त हलवलेली माणसं या फायलींत नाहीत. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच काही बोलला नाही.

आजार तर मुळीच दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड वगैरे गावांत लोकांचे केस गळू लागले, आयसीएमआरची पथकं आली, देशभरचे कॅमेरे आले. बाजार चालू, शाळा चालू, दिवे चालू. वरून काय दिसणार? दिव्यांवरून कळलंच तर एवढंच की माणसं कुठे दाटली, कुठून पांगली. निता भारतींनी नेमकं तेवढंच विचारलं होतं. मी मात्र पहिल्या रविवारीच सगळं आयुष्य मागायला गेलो होतो.

हे ध्यानात आल्यावर मी आमच्या ओळखीच्या आशाताईंना भेटलो. त्यांच्याकडे २०२० चं रजिस्टर अजून आहे. कोण कुठून आलं, किती तारखेला, घरात म्हातारं कोण, ताप कुणाला. मी लॅपटॉप उघडून त्यांना गावाचा ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "सर, पोलिओच्या रविवारी कोनत्या घराले कुलूप हाय, हे सांगते का हे?" नाही, म्हटलं. "मंग आमचं रजिस्टरच बरं." पण निघताना त्यांनीच पुन्हा थांबवलं. गावातली माणसं रजिस्टरात असतात. त्यांची अडचण बाहेरून येणाऱ्यांची. दिवाळीनंतर नदीकाठी वीटभट्ट्या लागतात, तिथे पाच-सहा महिने कुटुंबं राहतात, लहान पोरांसकट, आणि ती इथल्याही यादीत नसतात, त्यांच्या गावच्याही. डोस चुकतात ते त्यांचेच. नवी भट्टी कुठे लागली हे चार-आठ दिवस आधी कळलं तर बरं होईल, असं त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन डिसेंबर-जानेवारीच्या फायली काढल्या आहेत. आकाश स्वच्छ, ढग नाहीत, चंद्र वजा केलेला, शिळा आकडा दाखवणारा रकानाही उघडा ठेवलाय. नदीकाठी दोन ठिपके आधी नव्हते असे दिसतात. भाचा म्हणतो, भट्टीची आग असेल, ढाबा असेल, कुणाच्या लग्नाचा मांडवही असेल. त्याचं म्हणणं खरं असू शकतं. येत्या रविवारी आशाताई त्या बाजूला लसीचा डबा घेऊन जाणार आहेत, त्यांच्या मागे मोटारसायकलवर मी जातोय. बायकोनं विचारलं, किती वाजेपर्यंत याल? या वेळी मी वेळ सांगितली नाही.